मिनर्वा हाझे आणि जर्मन पेअर स्केटिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मिनर्वा हाझे म्हणजे नेमकी कोण?

पूर्ण नाव मिनर्वा फाबिएन हाझे. जन्म जून १९९९, बर्लिन. ती पेअर स्केटिंग खेळते, म्हणजे एक स्त्री आणि एक पुरुष मिळून करतात तो फिगर स्केटिंगचा प्रकार. त्यात लिफ्ट (जोडीदाराला उचलणं), थ्रो (फेकून दिलेली उडी) आणि ट्विस्ट (हवेत फेकून पुन्हा झेलणं) असतात. सध्याचा जोडीदार निकिता वोलोदिन. तोही १९९९चाच, जन्म सेंट पीटर्सबर्गचा. दोघांचे प्रशिक्षक दिमित्री साविन. डिसेंबर २०२३ मध्ये बीजिंगला आणि डिसेंबर २०२४ मध्ये ग्रेनोबलला ग्रां प्री फायनलचं सुवर्ण, २०२४ मध्ये माँट्रियलला जागतिक कांस्य, २०२५ मध्ये टालिनला युरोपियन सुवर्ण, त्याच वर्षी बोस्टनला जागतिक रौप्य आणि फेब्रुवारी २०२६ मध्ये मिलानला ऑलिंपिक कांस्य, अशी या जोडीची ठळक पदकं.

पेअर स्केटिंग आणि आइस डान्स एकच का?

नाही. आइस डान्समध्ये डोक्यावरच्या लिफ्ट चालत नाहीत, थ्रो जंप नसतात, आणि सगळा भर पावलांवर, एजवर (पात्याच्या कडेवर) आणि तालावर असतो. पेअरमध्ये पुरुष हात पूर्ण ताणून जोडीदाराला डोक्यावर धरतो, हवेत भिरकावतो, पुन्हा झेलतो. टीव्हीवर कोणी डोक्यावर गेलेलं दिसलं, तर ते पेअर समजा.

वोलोदिनच्या आधी ती कोणाबरोबर खेळायची?

नोलान झेगर्टबरोबर. तोही बर्लिनचाच, पण तिच्यापेक्षा सात वर्षांनी मोठा. या जोडीने २०२२च्या बीजिंग ऑलिंपिकपर्यंत मजल मारली आणि तिथे नशिबाने दगा दिला. पोहोचल्याबरोबर झेगर्टची कोविड चाचणी पॉझिटिव्ह आली आणि त्याला विलगीकरणात जावं लागलं. सांघिक स्पर्धेत जर्मनीला पेअरची जागा रिकामी सोडावी लागली. वैयक्तिक स्पर्धेपर्यंत तो बाहेर आला आणि दोघं उतरली. पण लिफ्ट करणारा माणूस ऐन स्पर्धेआधी खोलीत अडकून पडतो, तेव्हा खांदे आणि दम दोन्ही मागे पडतात. त्या हंगामानंतर झेगर्टने स्पर्धा थांबवल्या. हाझे तेव्हा बावीस वर्षांची होती.

मग तिने एकेरीकडे का नाही वळायचं?

त्या वयात ते जवळपास अशक्य असतं. पेअरच्या खेळाडूचा बर्फावरचा वेळ लिफ्ट, ट्विस्ट आणि थ्रोवर खर्ची पडतो. सोलो जंप, म्हणजे दोघांनी शेजारी शेजारी आपापल्या मारायच्या उड्या, त्यातल्या त्यात सोप्या ठेवल्या जातात, बहुतेक ट्रिपल (तीन फेऱ्यांचा) टो-लूप आणि ट्रिपल साल्काव. एकेरीत आघाडीच्या मुली त्याहून अवघड ट्रिपल लुट्झ आणि तिची कॉम्बिनेशन (लागोपाठच्या उड्या) सहज मारतात. म्हणून पेअरच्या खेळाडूपुढे दोनच वाटा उरतात: नवा जोडीदार किंवा निवृत्ती.

नवा जोडीदार निवडताना काय पाहतात?

सगळ्यात आधी फिरण्याची दिशा. बहुतेक खेळाडू घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात. एक उलट्या आणि दुसरा सुलट्या दिशेचा असेल, तर शेजारी शेजारी मारायच्या उड्या आरशातल्यासारख्या दिसतात आणि ट्विस्ट, थ्रो यांत एकाला सगळं मुळापासून बदलावं लागतं. त्यानंतर उंचीतला फरक. वरच्या पातळीवर तो साधारण २० ते ३० सेंटिमीटर दिसतो. त्याहून कमी असेल तर ट्विस्टमध्ये झेलताना अडचण. फार जास्त असेल तर स्केटिंगची पावलं जुळत नाहीत, कारण लांब पायाच्या माणसाचा एक ढकलता पाय छोटीच्या दीड पावलांइतका जातो.

तिसरी गोष्ट ट्रायआउट. काही दिवस एकत्र सराव करून बघतात. त्यात मोठे घटक कोणी लगेच करत नाही. आधी हात धरून क्रॉसओव्हर (पायावरून पाय टाकत वळणं), मग साधी कंबरेची लिफ्ट, मग डबल ट्विस्ट. प्रशिक्षक पाहतो ते एवढंच, की दोघांचे गुडघे एकाच क्षणी वाकतात की नाही. गुडघ्याची लय जुळली तर बाकीचं शिकवता येतं, ती जुळली नाही तर वर्षभर घासूनही फरक पडत नाही.

जोडीदार बदलला की काय काय पुन्हा शिकावं लागतं?

सोलो जंप आणि स्पिन सोडून जवळपास सगळं. एकेक करून पाहू.

लिफ्टमध्ये पकड बदलते. आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटना, म्हणजे आयएसयू, लिफ्टचे पाच गट मानते: काखेची पकड, कंबरेची पकड, हात-नितंब, हाताला हात देऊन दाब देत वर नेणं, आणि हाताला हात देऊन लॅसो पद्धतीने फिरवत वर नेणं. पाचवा गट सगळ्यात जास्त गुणांचा. त्यात स्त्री पुरुषाच्या हातावर स्वतः दाब देऊन वर चढते. तिचा दाब अर्धा क्षण जरी उशिरा आला, तरी सगळं वजन त्याच्या मनगटावर येतं. नव्या जोडीचं काम म्हणूनच जमिनीवर, मॅटवर, साध्या बुटांत सुरू होतं, बाजूला सांभाळायला प्रशिक्षक उभा असतो. तिथे न चुकता जमू लागलं की मग बर्फावर, तेही आधी जवळपास उभ्या जागी आणि नंतर वेगात.

ट्विस्टमध्ये पुरुष तिला कंबरेला धरून वर फेकतो. ती हवेत आडवी होऊन फिरते आणि बर्फाला पाय लागण्याआधी तो तिला पुन्हा कंबरेतच झेलतो. नेमकी चूक बहुधा झेलण्यात होते. ती थोडी उशिरा उघडली, म्हणजे फिरणं थांबवायला हात लवकर बाहेर काढले नाहीत, तर ती त्याच्या छातीवर किंवा खांद्यावर आदळते. जुन्या जोडीदाराची उंची आणि फेकण्याची ताकद तिच्या शरीरात मुरलेली असते. नवा माणूस जास्त उंच फेकत असेल तर ती नेहमीच्या क्षणी उघडते आणि तोवर खाली आलेलीच नसते. बेल्ट आणि दोरीच्या आधाराने शेकडो वेळा करून हा क्षण पुन्हा बसवतात.

थ्रो जंपमध्ये तो तिला उडीच्या सुरुवातीला वेग आणि उंची देतो, पण उतरायचं तिचं तिला, एका पायावर, मागच्या बाहेरील एजवर. त्याने सोडताना हात थोडा जरी खाली ओढला, तर तिचा हवेतला अक्ष वाकडा होतो आणि दोन पायांवर किंवा हात टेकून उतरावं लागतं. सरावात मुली पॅड शिवलेल्या चड्ड्या घालतात त्या यासाठीच. नितंबाच्या त्याच हाडावर पुन्हा पुन्हा पडणं कोणालाच परवडत नाही.

डेथ स्पायरल सगळ्यात शांत दिसतो, पण त्यातही पकड नवी असते. पुरुष टो-पिक (पात्याच्या टोकाचे दात) बर्फात रोवून एका जागी फिरतो, गुडघा खोल वाकवून. ती एका एजवर, डोकं बर्फाजवळ नेऊन त्याच्याभोवती फिरते. त्याचा गुडघा वर आला की तीही वर उचलली जाते आणि लेव्हल (घटकाच्या अवघडपणाची श्रेणी) गेली.

हे सगळं करायला किती काळ लागतो?

साधारण नियम म्हणून पहिला हंगाम जुळवण्यात जातो आणि दुसऱ्या-तिसऱ्यात निकाल दिसतात. हाझे आणि वोलोदिन याला अपवाद ठरली. २०२२ मध्ये जोडी जमली, आंतरराष्ट्रीय स्पर्धा २०२३-२४ मध्ये सुरू केल्या, आणि त्याच हंगामात ग्रां प्री फायनल जिंकून जागतिक कांस्यही मिळवलं. दोघांकडे पेअरचा पाया आधीपासून पक्का होता, आणि मधला रिकामा काळ त्यांनी स्पर्धेच्या दडपणाशिवाय सरावात घातला. आमच्या मते तो थांबण्याचा काळच त्यांच्या सगळ्यात कामी आला.

रशियात जन्मलेला खेळाडू जर्मनीकडून कसा खेळू शकतो?

आयएसयूच्या स्पर्धांत, म्हणजे ग्रां प्री, युरोपियन आणि जागतिक स्पर्धांत, पेअरमधल्या एकाने त्या देशाचं नागरिक असणं पुरतं. दुसऱ्याला आधीच्या महासंघाची परवानगी लागते आणि ठरावीक काळ थांबावं लागतं. ऑलिंपिकमध्ये मात्र दोघांकडे त्या देशाचं नागरिकत्व हवं, तिथे सवलत नाही. म्हणून परदेशी जोडीदार घेतलेल्या प्रत्येक जर्मन जोडीची घड्याळं दोन असतात: एक बर्फावरचं, दुसरं कागदपत्रांचं. त्यात जर्मन भाषेची परीक्षा हा नेहमीचा अडथळा.

याचं गाजलेलं उदाहरण ब्रुनो मासो. अल्योना साव्चेन्कोबरोबर खेळायला तो फ्रान्स सोडून आला. फ्रेंच महासंघाने त्याला मोकळं करायला पैसे मागितले, मग भाषेची परीक्षा पहिल्या फटक्यात निघाली नाही, आणि पासपोर्ट हातात पडला तो नोव्हेंबर २०१७ मध्ये. ऑलिंपिक तीन महिन्यांवर आलं होतं.

त्या ऑलिंपिकमध्ये काय झालं?

प्योंगचांग २०१८. शॉर्ट प्रोग्रॅममध्ये, म्हणजे पहिल्या छोट्या फेरीत, मासोने ट्रिपल साल्कावऐवजी डबल मारला आणि जोडी चौथ्या स्थानावर राहिली. दुसऱ्या दिवशी फ्री स्केटमध्ये, म्हणजे लांब फेरीत, १५९.३१ गुण, तेव्हाचा जागतिक विक्रम, आणि एकूण २३५.९०. चीनच्या सुई वनजिंग आणि हान त्सोंग यांना ०.४३ गुणांनी मागे टाकून सुवर्ण. साव्चेन्को तेव्हा ३४ वर्षांची होती आणि ते तिचं पाचवं ऑलिंपिक होतं. युक्रेनहून केमनिट्झला येऊन रॉबिन शॉल्कोवीबरोबर तिने त्याआधी पाच जागतिक विजेतेपदं आणि दोन ऑलिंपिक कांस्यपदकं मिळवली होती.

गुण कसे देतात? थोडक्यात सांगा.

शॉर्ट प्रोग्रॅम २ मिनिटं ४० सेकंदांचा, त्यात सात ठरलेले घटक: एक लिफ्ट, एक ट्विस्ट, एक थ्रो, एक सोलो जंप, एक स्पिन, एक डेथ स्पायरल आणि पावलांची मालिका. फ्री स्केट ४ मिनिटांचा. दोन्हीत दहा सेकंद इकडेतिकडे चालतात.

तांत्रिक पॅनल प्रत्येक घटकाची लेव्हल ठरवतं, सर्वांत वरची चौथी. त्यावरून मूळ गुण मिळतात. मग नऊ पंच दर्जासाठी उणे पाच ते अधिक पाच देतात. सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा गुण काढून बाकीच्यांची सरासरी. दर्जाची एक पायरी म्हणजे मूळ गुणांच्या दहा टक्के. याशिवाय रचना, सादरीकरण आणि स्केटिंग कौशल्य यांना दहापैकी गुण मिळतात. पडल्यास एक गुण वजा, दोघं पडल्यास दोन.

सोलो जंपमध्ये एक गोम आहे. दोघांनी वेगवेगळे फेरे मारले, तर कमी फेऱ्यांची उडी धरली जाते. तिने स्वच्छ ट्रिपल साल्काव मारला आणि त्याने डबल, तर जोडीला डबलचेच गुण. ट्रिपल ४.३, डबल १.३. तीन गुण गेले, तेही एकाही पडण्याशिवाय.

फेरे अपुरे पडले तर?

पाव फेऱ्याहून जास्त पण अर्ध्याहून कमी राहिला, तर मूळ गुणांच्या ऐंशी टक्के. अर्धा किंवा त्याहून जास्त राहिला, तर खालची उडी धरतात.

बोस्टनला २०२५ मध्ये सुवर्ण कसं निसटलं?

शॉर्ट प्रोग्रॅममध्ये जपानच्या रिकु मिउरा आणि र्युइची किहारा यांना ७६.५७, हाझे-वोलोदिनना ७३.५९. फ्री स्केटमध्ये जर्मन जोडी पुढे: १४५.४९ विरुद्ध १४३.२२. बेरीज २१९.०८ आणि २१९.७९. फरक ०.७१.

एवढ्याशा फरकाला काय लागतं ते पाहा. चौथ्या लेव्हलच्या लॅसो लिफ्टचे मूळ गुण साधारण सात. म्हणजे त्या एका लिफ्टला दर्जाची एक पायरी जास्त मिळाली असती, तर सुमारे ०.७. किंवा फ्री स्केटमध्ये तीनपैकी एका भागात सरासरी पाव गुण जास्त, कारण तिथे प्रत्येक गुणाला २.६७ने गुणतात: ०.६७. मोठी उडी चुकली म्हणून सुवर्ण गेलं, असं म्हणण्यात अर्थ नाही. ते शॉर्ट प्रोग्रॅममधल्या तीन गुणांच्या तुटीत गेलं, आणि ती तूट फ्रीमध्ये जवळपास भरून निघाली, इतकंच.

आणि मिलानला?

तिथे उलट घडलं. शॉर्ट प्रोग्रॅममध्ये हाझे-वोलोदिन ८०.०१ गुणांनी पहिली, जपानी जोडी पाचवी. फ्री स्केटमध्ये मिउरा-किहारा यांनी १५८.१३ असा विक्रम केला आणि थेट सुवर्णावर गेली. रौप्य जॉर्जियाच्या आनास्तासिया मेतेल्किना आणि लुका बेरुलावा यांना. जर्मन जोडीचा फ्री स्केट १३९.०८ वर थांबला; एकूण २१९.०९, कांस्य. बोस्टनला जेवढ्या गुणांनी रौप्य मिळालं होतं, त्याहून ०.०१ जास्त.

शॉर्टमध्ये पहिलं राहिलं की फ्रीमध्ये शेवटी उतरावं लागतं, बाकी सगळ्यांचे गुण कानावर पडल्यावर. गुणतक्त्यात त्याला रकाना नाही, पण ज्यांनी पेअर जवळून पाहिलं आहे त्यांना त्याचं वजन ठाऊक आहे.

दुखापती कशा होतात?

तिच्या बाजूने घोटा, नितंबाचा सांधा, मनगट आणि डोक्याला मार. थ्रोवरून उतरताना शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार एका पायावर येतो. त्याच्या बाजूने खांदा, कंबर आणि मनगट. बऱ्याच दुखापती अवघड घटकात नव्हे, लिफ्टमधून खाली उतरवताना होतात, कारण तोवर दम संपलेला असतो. लिफ्टमध्ये पुरुषाला साडेतीन फेऱ्यांहून जास्त फिरता येत नाही, हा नियम इथे मदतीला येतो.

कपड्यांचंही भान ठेवावं लागतं. कंबरेवर, नेमकी पकड येते तिथे, खडे किंवा टिकल्या शिवत नाहीत. ते तळहाताला ओरखडे काढतात, नाहीतर घामाने पकड सटकते. डोक्याला लागलं आणि चक्कर, मळमळ किंवा धूसर दिसणं यांतलं काही असेल, तर त्या दिवशी बर्फावर परत जायचं नाही. वरून ठीक वाटलं तरी नाही.

यावर घर चालतं का?

बक्षिसांवर नाही. जर्मनीत आघाडीच्या खेळाडूंना तीन आधार असतात: महासंघाच्या निवडक खेळाडूंच्या यादीत असल्याने मिळणाऱ्या सोयी, डॉयचे श्पोर्टहिल्फे या संस्थेचं मासिक साहाय्य, आणि सर्वांत भरवशाचं म्हणजे लष्कराच्या क्रीडा विभागातली नोकरी. हाझे त्या विभागातली खेळाडू आहे. पगार नियमित मिळतो आणि दिवस सरावाला मोकळा राहतो. त्यामानाने पदकाची रक्कम किरकोळ. प्योंगचांगच्या वेळी ऑलिंपिक सुवर्णाला २०,००० युरो होते.

सीनियर गटात कोणत्या वयात येता येतं?

पूर्वी १५. २०२३-२४ पासून १६ आणि २०२४-२५ पासून १७. हंगामाआधीच्या १ जुलैला तेवढं वय पूर्ण हवं. पेअरला याचा फारसा धक्का बसला नाही, कारण इथे शिखर तसंही विशीच्या मध्यात किंवा पुढे येतं.

हंगाम कसा चालतो?

एप्रिल ते जून नवे प्रोग्रॅम बसवणं. सप्टेंबरला ओबर्स्टडॉर्फची नेबेलहॉर्न ट्रॉफी, जी १९६९ पासून चालू आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरला सहा ग्रां प्री, त्यांतून सहा जोड्या डिसेंबरच्या फायनलला. जानेवारीत युरोपियन, मार्चमध्ये जागतिक. ऑलिंपिक असेल तर मधला फेब्रुवारीही भरलेला.

आम्ही जर्मनीत राहतो. मुलीला पेअर शिकवायचं तर सुरुवात कुठून?

सरळ पेअरमधून कोणी सुरुवात करत नाही. जवळच्या आइस स्केटिंग क्लबात नाव घाला. बहुतेक क्लब लहान मुलांसाठी हिवाळ्यात शिकवणी चालवतात. पुढे चाचण्या असतात: फ्रायलॉयफर, फिगुरेनलॉयफर, कुन्स्टलॉयफर, आणि नंतर क्यूरक्लास आठपासून एकपर्यंत. एकेरीत डबल उड्या पक्क्या झाल्यावर पेअरचा विचार करावा. बर्लिन, केमनिट्झ आणि ओबर्स्टडॉर्फ इथे पेअरची परंपरा आहे.

पहिला बूट वापरलेला घेतला तरी चालेल, पण घोट्याला दुमडलेला नको. मोज्यात अंगठा पुढे टेकेल इतपतच जागा हवी. ‘वाढत्या पायाचा’ म्हणून दोन नंबर मोठा घेतलात तर एज कधीच लागणार नाही. पात्यांना साधारण २० ते ४० तासांनी धार लावा, आणि ती फिगर स्केटिंग कळणाऱ्याकडून. हॉकीच्या दुकानात टो-पिक घासून टाकतात, आणि एकदा घासलेला टो-पिक परत येत नाही.

मुलींच्या मानाने मुलगे फार कमी असतात. तुमचा मुलगा स्केटिंग करत असेल, तर प्रशिक्षकच तुम्हाला शोधत येतील.

भारतात बसून हे कुठे पाहता येईल?

ज्युनियर ग्रां प्री आयएसयूच्या यूट्यूब वाहिनीवर थेट दिसते, आणि पुढच्या पिढीच्या जर्मन जोड्या तिथेच आधी दिसतात. युरोपातली स्पर्धा हिवाळ्यात असेल तर जर्मन वेळेत साडेचार तास मिळवा, उन्हाळी वेळ चालू असेल तर साडेतीन. गुणांचे तपशीलवार तक्ते त्या त्या स्पर्धेच्या निकाल पानावर त्याच दिवशी येतात. प्रत्येक घटकासमोर नऊ पंचांचे नऊ आकडे असतात.